पोर्चमधल्या चार काचा

१

तुमच्या अग्निशमन कार्यालयानं एका निर्दोष माणसाला गुन्हेगार ठरवलं. चुकून नव्हे, घाईत नव्हे, चांगला ठसठशीत शिक्का मारून. हे मी गल्लीत उभा राहून ओरडत नाहीये, लिहून देतोय. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. शाळा आठवीत सुटली, पुढचं लिहिणं-वाचणं मशीनसोबत येणाऱ्या माहितीपुस्तकांवर शिकलो. त्यामुळे भाषेला पॉलिश नसेल. पण मशीन बंद पडलं म्हणून मी आजवर मालकाच्या मोलकरणीवर खापर फोडलेलं नाही. तुम्ही नेमकं तेच केलंत.

आधी काय घडलं ते सांगतो.

आमची इमारत आठ मजल्यांची, बत्तीस फ्लॅट. समोर पोर्च. तीन बाजूंनी उघडा, चौथ्या बाजूला काचेचं दार, आणि वर पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची झोपायची खोली. अख्खी मोटार मावेल एवढा खोल. मंगळवारी दुपारी सव्वातीनला त्या पोर्चखाली कुरियरची खोकी होती, भंगारवाल्याची वाट बघत पडलेला कुणाचा तरी जुना सोफा होता आणि एक बॅटरीची स्कूटर चार्जिंगला लावलेली होती. बॅटरी पेटली. पाच मिनिटांत सोफ्याची होळी झाली आणि जायचा-यायचा मोठा रस्ता बंद.

त्या वेळी धावला तो एकच माणूस, आमचे वॉचमनकाका. घंटा वाजवली, मागच्या जिन्याचं दार उघडलं, घरात होती तेवढी माणसं तिकडून काढली. मास्तरीणबाईंना चालता येत नाही, त्यांना पाठीवर घेऊन आले. मग बागेतला पाइप ओढून आगीसमोर उभे राहिले. बंब अठरा मिनिटांनी आला, तोवर सोफ्याच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. कुणाच्या जिवाला काही झालं नाही. काकांचा उजवा तळहात भाजला, एवढंच.

बुधवारी अकरा वाजता फळ्यावर तुमचा अहवाल लागला. शब्द न शब्द देतो:

“प्रवेशद्वारावरील छतास चार स्प्रिंकलर नियमाप्रमाणे बसवलेले आहेत. पंपरूममधील संबंधित व्हॉल्व्ह बंद आढळला. पाणी न पोहोचल्याने स्प्रिंकलरच्या काचा फुटल्या नाहीत व आग पसरली. पंपरूमची चावी केवळ पहारेकऱ्याकडे असते. सबब पहारेकऱ्याचा हलगर्जीपणा सिद्ध होतो.”

सुनावणी शनिवारी, जागेवरच. तोपर्यंत पोर्चला दोरी, पंपरूमला सील. आणि रविवारी संध्याकाळपर्यंत काकांनी जिन्याखालची खोली रिकामी करायची. काका, काकू आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची मुलगी, तिघांचं अख्खं घर त्या एका खोलीत.

काका बँडेजचा हात छातीशी धरून फळ्यासमोर उभे होते.

“मी व्हॉल्व्हला हात लावला नाही हो,” ते म्हणाले. “मला तर वर हे असलं काही लावलंय, तेसुद्धा आज कळलं.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मनात म्हटलं, भोळा माणूस. भोळा मी होतो. त्या एका वाक्यात सगळा उलगडा होता आणि मी तो सांत्वन करण्यात घालवला.

२

दुपारी वहिनी आली. आगीची बातमी ऐकून दादानं तिला पाठवलं, म्हणजे ती निघाली आणि दादानं हो म्हटलं. वहिनीनं सव्वीस वर्षं स्प्रिंकलरच्या कारखान्यात काढली. काम एकच, तयार माल गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि काच बरोबर ठरल्या तापाला फुटते का बघायचं. तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाही तसलाच एक फुटका स्प्रिंकलर लटकलेला असतो.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. स्प्रिंकलर म्हणजे पाण्याच्या पाइपाचं तोंड. तोंडात बूच, आणि बुचाला टेकू म्हणून करंगळीच्या नखाएवढी जाड काचेची कांडी. कांडीत रंगीत द्रव. ताप लागला की द्रव फुगतो, कांडी फुटते, बूच उडतं आणि मागचं पाणी फवाऱ्यासारखं सुटतं. वीज नको, माणूस नको.

वहिनीनं फळ्यावरचा अहवाल वाचला. मग पुन्हा वाचला. आणि पदर तोंडाला लावून खुदखुदायला लागली.

“वहिनी, इथे एक माणूस रस्त्यावर येतोय.”

“म्हणून तर नीट वाचतेय. भाऊजी, हे तिसरं वाक्य कुणी लिहिलं?”

“कार्यालयानं.”

“कार्यालयाला हात असतात का? माणूस सांगा.”

“शिक्केसाहेब.” तपासायला येणाऱ्या साहेबांना आम्ही सगळे हेच म्हणतो. दरवर्षी येतात, शिक्का मारतात, जातात.

दोरीच्या अलीकडे उभी राहून तिनं मान वर केली. पोर्चचं जिप्समचं छत तव्यासारखं काळंकुट्ट झालेलं. मधल्या दिव्याचं प्लास्टिक मेणासारखं वितळून खाली लोंबत होतं. आणि त्याच्या चार बाजूंना, हातभर अंतरावर, चार स्प्रिंकलर. प्रत्येकाभोवती पत्र्याची गोल चकती.

“माझे डोळे आता लांबचं दगा देतात. काचा कसल्या दिसतात?”

“तांबडी, पिवळी, हिरवी, निळी. छान चमकतायत.”

“चमकतायत?”

“चमकतायत की.”

“भाऊजी, तुम्ही जाऊन चहा ठेवा,” वहिनी म्हणाली. “आणि मला सांगा, मंगळवारी आग विझल्यावर ह्या छताखाली कोण कोण एकटं होतं?”

३

सुरुवात काकांच्या खोलीपासून. मी आपला पंपरूमच्या चावीबद्दल विचारायला लागलो. वहिनीनं मला कोपरानं बाजूला केलं आणि काकूंना विचारलं, “पोर्च रोज कोण झाडतं?”

“मीच. दुसरं कोण येतंय?” काकूंचा राग अजून गरम होता. “दाराच्या डाव्या हाताला रोज काड्या, पिसं आणि चिमण्यांची घाण. तीन वर्षं झाली. घासून घासून फरशीचा रंग गेला, पण त्यांचं काही थांबलं नाही.”

“दाखवता कुठे ते?”

काकूंनी दोरीपाशी उभं राहून बोट दाखवलं. दारापासून तिसरी फरशी, मधल्या दिव्याच्या जरा डावीकडे. काजळी धुतली गेली होती तरी पांढरट डाग दिसत होता. वहिनी डागाकडे बघत राहिली, मग ओळंबा सोडावा तशी नजर सरळ वर नेली. मीही बघितलं. वर पिवळ्या काचेचा स्प्रिंकलर होता, दुसरं काही नव्हतं.

“यंदाची पिल्लं उडाली होती का?”

“उडाली हो, गेल्याच आठवड्यात. का?”

“बरं झालं बाई,” वहिनी म्हणाली, आणि तिनं खरोखर सुटकेचा श्वास टाकला.

मला वाटलं, आता हिला घरी पोचवावं. इथे माणसाचं घरटं मोडतंय आणि ही चिमणीची विचारपूस करतेय.

काकांच्या सांगण्यावरून तीन नावं मिळाली. मंगळवारी पाचला प्लंबर आत गेला, फुटका नळ बंद करायला. त्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी फोटो काढायला. साडेपाचला शिक्केसाहेब. ते डोकावून गेले, अर्ध्या तासानं परत आले, भोवती ताडपत्री लावून घेतली, रंगाऱ्याची शिडी मागितली आणि तासभर आत होते.

“तिघंही एकेकटे?”

“एकेकटे. मी बाहेर हात पाण्यात बुडवून बसलो होतो ना.”

४

सेक्रेटरींना इमारतीत ‘ठराव’ म्हणतात. त्यांना शिंक आली तरी ते आधी अनुमोदक शोधतात. दारातच म्हणाले, “हे बघा, पहारेकऱ्याबद्दल मला व्यक्तिशः सहानुभूती आहे. तसा ठरावही करू.”

“ठराव अंगावर पांघरायला देणार का त्यांना?” मी म्हटलं.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली. “आपण फाइल बघायला आलोय.”

फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती. सेक्रेटरींचा हात छातीच्या वर जाईना. खांदा धरलाय, चार महिने झाले, केसही बायको विंचरून देते म्हणाले. मीच फाइल काढली. नऊ वर्षांची नऊ प्रमाणपत्रं. प्रत्येकावर तीच ओळ, ‘प्रवेशछत: स्प्रिंकलर चार, चालू’. नऊच्या नऊ सह्या शिक्केसाहेबांच्या.

“मंगळवारी तुम्ही आत फोटो काढलेत ना? छताचा आहे?”

“छताचा कशाला? स्कूटरचा काढला. विम्याला स्कूटर लागते.”

वहिनीनं जुडगं काढून टेबलावर ठेवलं. “साधा प्रश्न. आग लागली आणि ह्याच्या मागचा व्हॉल्व्ह बंद असला, तर काचेचं काय होईल?”

सेक्रेटरींनी तो फुटका स्प्रिंकलर उलटसुलट केला. “पाणीच नाही तर काच कशी फुटेल? अहवालात लिहिलंय तसं.”

“बरोबर. लिहिलंय खरं तसं.”

प्लंबर खाली बाकावर बसला होता. आम्हाला बघून हसला. “या, या. माझ्यावर संशय? घ्या की! संशयाला कर नाही.”

“प्रवेशछताचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला?” मी सरळच विचारलं.

“मला इथलं काम मिळून चार वर्षं झाली. पहिल्या दिवशी बंद होता, तेव्हापासून बंदच आहे.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“विचारलं कुणी? साहेब वर्षातून एकदा येतात. गच्चीवरची तोटी सोडतात, पाणी आलं की म्हणतात उत्तम, आणि खाली येऊन चहा. पोर्चाकडे कोण बघतंय? तशी गरज तरी काय तिथे? सगळी उघडी जागा. धूर निघून जाणार.”

वहिनी एवढ्या वेळात पहिल्यांदा तापली. “उघडी जागा! वर बाईची झोपायची खोली आहे. ह्याच दारातून बत्तीस घरं बाहेर पडतात. छत आहे म्हणून लोक सोफे आणून टाकतात आणि गाड्या लावतात. छताला डोकं आपटून आग आडवी पसरते ती थेट दारात. नियम उगाच नाही केलेला. ज्या छताखाली जळणारं सामान येऊ शकतं आणि माथ्यावर माणसं राहतात, तिथे पाणी पाहिजे. बाजूला भिंत असो नाहीतर नसो.”

“बरं बरं,” प्लंबर म्हणाला. “मारू नका.”

तिनं जुडगं पुढे केलं आणि तोच प्रश्न विचारला. प्लंबरनं नुसतं बघितलं, हातातही घेतलं नाही.

“काय होणार? काच फुटणार. पाणी येणार नाही. कोरडा ठणठणीत.”

वहिनीनं जुडगं पर्समध्ये टाकलं आणि माझ्याकडे वळली. “भाऊजी, उद्या तुम्ही कार्यालयात जा. मूळ नकाशाची नक्कल मागा. आणि शिक्केसाहेबांना हाच प्रश्न विचारून या.”

“मी एकटाच?”

“मी आले तर त्यांना घाम फुटेल. मला तो शनिवारी हवाय.”

५

तुमच्या कार्यालयाचं वर्णन तुम्हाला काय सांगायचं! पण तुम्ही आत बसता, आम्ही बाहेर उभे राहतो, म्हणून तुम्हाला दिसत नसेल ते सांगतो. जिन्याशेजारी एक काचेची पेटी आहे, वर पाटी ‘नमुने’. आत फळीवर सहा खिळे. दोन खिळ्यांवर स्प्रिंकलर, चारांवर काही नाही. चारांभोवती धूळ, आणि जिथे वस्तू होत्या तिथे स्वच्छ गोल. मी चिडून मनात म्हटलं, ह्यांना नमुनेसुद्धा सांभाळता येत नाहीत. खालच्या पट्ट्यांवर बारीक काही लिहिलं होतं, तेवढ्यात आतून हाक आली, “नकाशावाले!” आणि मी गेलो.

शिक्केसाहेब गोड माणूस. खुर्ची दिली. टेबलावर वहीची थप्पी, वरच्या वहीत त्यांच्या हाताखालच्या इमारतींची यादी. एकशे चौदा नंबरपर्यंत मला उलटं वाचता आलं.

“पहारेकऱ्याचं वाईट वाटतं हो,” ते म्हणाले. “पण कर्तव्य आहे. पुष्कळ जण म्हणतात उघड्या पोर्चला सूट द्या. मी कधी दिली नाही. चारच्या चार लावून घेतले.”

“साहेब, अडाणी प्रश्न आहे. काचा का फुटल्या नाहीत?”

“अडाणी नाही, चांगला प्रश्न आहे.” त्यांनी पेन्सिल उभी धरून मला शिकवलं. “पाण्याचा दाब काचेला आतून ढकलतो. आग लागली की दाब वाढतो. पाणीच नाही, तर ढकलणार कोण?”

पटलंही मला! घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती इतकी हसली की चहा सांडला. नकाशात पोर्चला चार स्प्रिंकलर दाखवलेले होते, ते तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. मी जाता जाता म्हटलं, “आणि कारभार बघा. नमुन्यांच्या पेटीतले सहापैकी चार गायब.”

वहिनीनं कप खाली ठेवला.

“चार?”

“चार.”

“खिळ्याखालच्या पट्टीवर काय लिहिलं होतं?”

“वाचायला वेळ कुठे मिळाला!”

“असू दे,” ती म्हणाली. “एक काम करा. शिक्केसाहेबांच्या वरच्या अधिकारीबाईंच्या कचेरीत फोन लावा. म्हणावं, सुनावणीला येताना ती पेटी घेऊन या. कशाला विचारलं तर सांगा, इमारतीच्या लोकांना स्प्रिंकलर कळत नाही, समजावून घ्यायचंय.”

६

शनिवारी अकराला पोर्चसमोर अख्खी इमारत उतरली. मास्तरीणबाई चाकाच्या खुर्चीत सगळ्यांच्या पुढे. शिक्केसाहेबांच्या वरच्या अधिकारी, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या गाडीतून उतरल्या. मागून शिपाई कापडात गुंडाळलेली पेटी घेऊन. शिक्केसाहेबांनी ते गाठोडं बघितलं आणि कपाळाचा घाम पुसला. वहिनीला तो हवा होता, वेळेवर आला.

“बोला,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण थोडक्यात.”

“थोडक्यातच आहे,” वहिनी म्हणाली. “ही तांबडी काच अडुसष्ट अंशाला फुटते. मी सव्वीस वर्षं फोडल्यात. मागे पाणी असो, हवा असो, नाहीतर तुमच्या पर्समध्ये असो. ताप लागला की फुटणार. काचेला पाण्याशी घेणं नाही, पाण्याला काचेशी आहे. आता तो दिवा बघा. कडक प्लास्टिक मेणासारखं लोंबतंय. त्याच्यापासून हातभरावर ही नाजूक काच धडधाकट. कशी?”

वहिनीनं दिव्याकडे बोट दाखवलं, मग काचांकडे.

“आणि माझे भाऊजी म्हणाले, काचा छान चमकतायत. छत काळं, चकत्या काळ्या, काचा तेवढ्या चमकतात. धुरानं काचेला सूट दिली?”

प्लंबर मागून म्हणाला, “च्यायला.” मोठ्या बाईंनी तिकडे बघितलं, मग छताकडे.

“म्हणजे तुमचं म्हणणं काय?”

“आगीच्या वेळी हे स्प्रिंकलर इथे नव्हतेच. आग विझल्यावर लावले. शिडी आणा. हिरव्या काचेची चकती फिरवा. ती आगीच्या आधीची असेल तर तिच्याखालचं छत पांढरं निघेल.”

प्लंबर शिडीवर चढला. चकती फिरवली. खाली छत काळं, इतर सगळ्यासारखंच. मग वहिनीनं त्याला पिवळ्या काचेकडे पाठवलं, काकूंच्या डागलेल्या फरशीच्या बरोबर वर. त्यानं स्प्रिंकलर धरून जरा ओढला आणि तो अलगद त्याच्या हातात आला. मागे पाइप नव्हता, पुट्टीचा गोळा होता. भोकातून जळक्या काड्या खाली पडल्या, आणि त्यांच्यासोबत तरंगत एक अर्धं पीस.

काकू ओरडल्या, “अगंबाई, माझ्या चिमण्या!”

“त्याच,” वहिनी म्हणाली. “तीन वर्षं ह्या भोकातून ये-जा करत होत्या. स्प्रिंकलर असता तर आत शिरल्या असत्या का? बिल्डरनं नकाशाप्रमाणे भोकं पाडली आणि पाइप टाकायचा राहिला, नाहीतर वाचवला. तो व्हॉल्व्ह बंद असतो कारण त्याच्यापुढे काही नाहीच. काका पहिल्या दिवसापासून सांगतायत की मला हे आज कळलं. खरं सांगत होते. त्याच्या आधी कळायला काही नव्हतंच.”

इथे मला कबूल करायला हवं. मी नऊ वर्षं रोज त्या चार भोकांखालून गेलो. आम्ही बत्तीस घरं गेलो. एकानंही मान वर केली नाही. म्हणून आमचा राग पूर्ण स्वच्छ नाही. पण आम्हाला वर बघायचं काम दिलेलं नव्हतं.

“मग लावले कुणी?” मोठ्या बाईंचा आवाज खाली आला होता.

“काकांनी लावले नाहीत. हे वर नसते तर त्यांच्यावर बोट दाखवायला कारणच नव्हतं. सेक्रेटरींना खांद्यामुळे केसही विंचरता येत नाहीत, ते छताला पुट्टी कुठून लावणार? प्लंबरनं लावले असते तर आधी काचा फोडून लावले असते. त्याला मी विचारलं, तो झोपेतही सांगेल की फुटणार. राहिला तो माणूस, ज्याला वाटतं पाण्याशिवाय काच फुटत नाही. त्यानं चकत्यांना काजळी फासली, पण काचा मुद्दाम पुसून शाबूत ठेवल्या, दिसाव्यात म्हणून. त्याच्या हिशोबानं तोच तर पुरावा होता. आणि हे त्यानं लिहूनही दिलंय. फळ्यावर आहे, तिसरं वाक्य.”

सगळ्यांच्या माना एकदम शिक्केसाहेबांकडे वळल्या.

“हा बिनबुडाचा आरोप आहे,” ते म्हणाले. “बाजारात कुणालाही स्प्रिंकलर मिळतात.”

“मिळतात. पण दुकानदार विचारतो, ताप किती हवा? एका छताला एकच रंग लागतो. तांबडा अडुसष्टला, पिवळा एकोणऐंशीला, हिरवा त्र्याण्णवला, निळा एकशे एक्केचाळीसला. चार ठिकाणी चार रंग कुठलाही फिटर लावणार नाही. चार रंग ओळीनं फक्त एकाच ठिकाणी मिळतात.” ती शिपायाकडे वळली. “दादा, कापड काढा.”

कापड निघालं. सहा खिळे. नारिंगी होता, जांभळा होता. मधले चार रिकामे. मास्तरीणबाईंनी चष्मा वर केला आणि वर्गात वाचतात तसं खालच्या पट्ट्या मोठ्यानं वाचल्या.

“तांबडा. पिवळा. हिरवा. निळा.”

शिक्केसाहेबांनी एकवार शिडीकडे बघितलं, जशी काही तीच फितूर झाली होती. मग खाली बसले, थेट पोर्चच्या पायरीवर.

“नऊ वर्षं लिहीत होतो चार, चालू,” ते म्हणाले. “मंगळवारी येऊन वर बघितलं, तर भोकं. पहिल्यांदाच बघितलं. तसाच कार्यालयात गेलो आणि पेटीतले चार काढून आणले.”

काका पुढे झाले. मला वाटलं, मारतात की काय. त्यांनी बँडेजच्या हातानं खिशातून पाण्याची बाटली काढून साहेबांना दिली. मी दिली नसती, स्पष्ट सांगतो.

७

आता सगळं बरं आहे. काका खोलीतच आहेत. सेक्रेटरींनी आभाराचा ठराव मांडला, तेव्हा काकू म्हणाल्या आधी खोलीला खिडकी पाडा. पुढच्या आठवड्यात खिडकी आली. प्लंबरनं पोर्चमध्ये खरा पाइप टाकला, चारही तोंडांना तांबडी काच. चाचणीच्या दिवशी वहिनीनं एक काच मुद्दाम तापवून फोडायला लावली. पाणी असं सुटलं की मास्तरीणबाईंसकट सगळे चिंब झाले आणि कुणीच बाजूला सरेना. दादा पण आला होता. म्हणाला, “सव्वीस वर्षं ही रोज असं भिजून घरी यायची, आणि मी तक्रार करायचो!”

भोकं बुजली म्हणून काकांनी बाहेरच्या खांबावर लाकडाची एक पेटी ठोकलीय, पोर्चपासून लांब. चिमण्यांना पहिले चार दिवस पसंत पडली नाही. पाचव्या दिवशी काड्या दिसायला लागल्या. काकू तिथेही झाडतात आणि तेवढ्याच शिव्या देतात. मी येता-जाता वर बघतो. आता सवयच लागलीय.

शिक्केसाहेबांना तुम्ही घरी बसवलंत, काकांचं नाव अहवालातून काढलंत. चांगलं केलंत. पण तुमचं पत्र म्हणतं, ‘प्रकरण निकाली’. कुठलं प्रकरण? त्यांच्या टेबलावरची वही मी उलटी वाचलीय. एकशे चौदा इमारती, सगळ्यांवर तोच हात, तोच शिक्का. आमची एक झाली. राहिल्या एकशे तेरा. त्यांच्या पोर्चखालून आज दुपारी पोरं शाळेतून घरी येतील, कुणी स्कूटर चार्जिंगला लावील, कुणी सोफा आणून टाकील. प्रत्येक इमारतीला आमच्या वहिनीसारखी वहिनी नसते.

म्हणून विचारतो, आणि उत्तर लेखी हवंय. त्या एकशे तेरा पोर्चांच्या छतात पाणी आहे, की चिमण्या? तुमच्यापैकी कोण शिडी घेऊन बघायला जाणार आहे, आणि कधी?